कमी जादूचा नसता मोठेपणा

फँटसी रोलप्लेइंग खेळणाऱ्यांच्या कुठल्याही गटात जाऊन बसा. नवं कॅम्पेन सुरू होणार असलं की गेम मास्टर सुरुवातीलाच सांगून टाकतो, "माझं जग लो मॅजिक आहे बरं का." म्हणायला ही नुसती माहिती. पण सूर असा की इथं मोठ्यांचा खेळ चालतो, आगीचे गोळे फेकायचे असतील त्यांनी दुसरं टेबल बघावं. जिथं जादू क्वचित दिसते, लोक तिला घाबरून असतात, जादूची तलवार साऱ्या राज्यात एखादीच असते, ते जग खरं आणि प्रौढ. जिथं गावोगावी जादूगार आहेत आणि रस्त्यावर जादूचे दिवे लागतात, ते पोरांचं. हे मत इतकं मुरलंय की त्यासाठी कुणी कारणही देत बसत नाही. मला ते मुळापासून चुकीचं वाटतं. खेळाचं त्यानं नुकसान होतं, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला आणि तिथून हा प्रकार फोफावला. एक जण गेम मास्टर होऊन जग उभं करतो, बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र घेतात, आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतात, आणि जिथं निकाल कुणालाच ठाऊक नसतो तिथं फासे टाकतात. त्या जगात जादू किती असावी यावरून पहिल्या काही वर्षांतच वाद सुरू झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत.

कमी जादूवाल्यांचा लाडका साक्षीदार म्हणजे टॉल्किन. गँडाल्फ बघा, म्हणतात, किती कमी जादू करतो! ही मोजदाद जुनीच आहे. १९७७ साली 'द ड्रॅगन' मासिकाच्या पाचव्या अंकात बिल सेलिगमन यांनी गँडाल्फचे मंत्र डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांत बसवून दाखवले आणि निष्कर्ष काढला की हा गृहस्थ पाचव्या लेव्हलचा जादूगार आहे. या लेखाचा दाखला टॉल्किनचं जग लो मॅजिक असल्याचा पुरावा म्हणून आजही दिला जातो. मला त्यातून वेगळंच दिसतं. बालरॉगला एकट्यानं अडवणारा, मरून परत येणारा, माणसांच्या जन्माआधीपासून अस्तित्वात असलेला गँडाल्फ जर पाचव्या लेव्हलचा ठरत असेल, तर मोजपट्टी बिघडलेली आहे. मंत्र किती वेळा म्हटले यावरून जगातली जादू मोजता येत नाही.

बिल्बोच्या वाढदिवसाचा प्रसंग आठवा. हॉबिटांच्या पोरांना जी खेळणी वाटली जातात त्यांतली काही उघडउघड जादूची आहेत. शायर म्हणजे त्या जगातला सगळ्यात सुस्त, घरगुती मुलूख. तिथं पोरांच्या हातात जादूची खेळणी पडतात आणि पार्टी छान चालू राहते. पुढे तर विचारूच नका. दार परवलीच्या शब्दानं उघडतं, ऑर्क जवळ आले की तलवारीचं पातं निळं चमकतं, सॅम कड्याखाली उतरतो आणि वर बांधलेला दोर आपोआप सुटून त्याच्या हातात येतो. वेस्टरनेसच्या लोहारानं कित्येक शतकांपूर्वी घडवलेला खंजीर मेरीच्या हातात नसता तर विच-किंगभोवतीचं मंत्राचं बंधन तुटलं नसतं. हे जग जादूनं गच्च भरलेलं आहे. फक्त ती जादू कारागिरीत, वंशात, जागांत आणि शपथांत आहे. नायकाच्या खिशातल्या यादीत नाही. म्हणून तर टॉल्किनच्या त्याच जगावर, मिडल-अर्थवर, १९८४ साली निघालेल्या 'मिडल-अर्थ रोल प्लेइंग'मध्ये खेळाडूंना मंत्रांच्या लांबलचक याद्या मिळाल्या, आणि २०११ च्या 'द वन रिंग'मध्ये जादूगार होण्याची सोयच ठेवली नाही. जग तेच, जादूही तेवढीच. बदललं ते एवढंच, की तिचा ताबा कुणाकडे.

दुसरा साक्षीदार कोनान. रॉबर्ट हॉवर्डच्या १९३२ पासून आलेल्या या कथांत जादू दुर्मीळ आहे म्हणतात. असेल, पण कोनानच्या वाट्याला ती जवळजवळ प्रत्येक कथेत येते. वाचक आणि नायक तिच्यातच बुडालेले असतात. दुर्मीळ आहे ती पानाबाहेरच्या शेतकऱ्याला.

इथवर पुस्तकांचं झालं. टेबलावर काय घडतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण खेळ तिथं होतो. आपल्याकडे बहुतेक गट डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतात. तिच्या २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकात बारा क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आहेत आणि त्यांतले आठ मंत्र वापरतात. गेम मास्टर लो मॅजिक जाहीर करतो तेव्हा या आठांना तो सहसा हात लावत नाही. खेळाडूंना तेच हवे असतात आणि त्यांना वगळलं तर टेबल रिकामं पडेल. मग तो कात्री कशाला लावतो? जादूच्या वस्तूंना. जादूच्या तलवारी, ढाली, अंगठ्या जगातून गायब.

याचा परिणाम एका लढाईत पाहा. रात्रीचं जंगल, समोर वेअरवुल्फ. फाइटरचा खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, अठरा पडतात, टेबलावर गलका होतो, तो डॅमेजचे फासे मोजून आकडा सांगतो. आणि गेम मास्टरला सांगावं लागतं की तलवार लागली, पण जखम झाली नाही. त्या आवृत्तीच्या २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलनुसार वेअरवुल्फवर चांदीचं किंवा जादूचं नसलेलं शस्त्र चालतच नाही. शेजारी बसलेला विझर्ड बोट रोखून 'फायर बोल्ट' सोडतो. तो कँट्रिप आहे, दिवसभर कितीही वेळा सोडा, काही खर्च होत नाही, आणि वेअरवुल्फ भाजतो. फाइटर पुढच्या पाळीत टॉर्च पेटवून बघतो. भुतांच्या बाबतीत थोड्याफार फरकानं हेच. जादू कमी करायला निघालेल्या माणसानं प्रत्यक्षात मंत्रवाल्यांना राजे केलं, आणि ज्याच्याकडे स्वतःचा एकही मंत्र नाही त्याच्या हातातली एकमेव जादू काढून घेतली. लो मॅजिकच्या नावानं चालणाऱ्या किती टेबलांवर फाइटरचे खेळाडू तीन-चार सेशननंतर कंटाळून पात्र बदलतात, हे खेळणाऱ्यांनी स्वतःच आठवून पाहावं.

विरोधकांची एक तक्रार मात्र खरी आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. पाचव्या आवृत्तीत जादू फार स्वस्त झाली. 'लाइट' कँट्रिपमुळे अंधाराची भीती गेली. 'गुडबेरी' म्हटलं की दहा बोरं हातात येतात आणि एका बोरात एका माणसाचं दिवसभराचं पोट भरतं. मग वाळवंट ओलांडताना शिधा मोजायची मजा राहत नाही. १९७४ च्या पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळायचा आणि तो कधी वापरायचा याचा जीव जाईपर्यंत विचार व्हायचा. हे सगळं मला मान्य. पण यातून लोक जो निष्कर्ष काढतात तो मान्य नाही. दोष जादूच्या प्रमाणात नाही. रूलबुक मंत्र वाढवत गेलं आणि गेम मास्टरनं काढलेला नकाशा जिथल्या तिथं राहिला, हा दोष आहे. उडता येणाऱ्या माणसांच्या जगातही किल्ल्याला नुसत्या भिंतीच आहेत. मेलेल्याला पाच प्रश्न विचारता येतात आणि तरी खुनाचा तपास पायाचे ठसे बघत चाललाय. जगानं जादूची दखलच घेतली नाही, म्हणून ती पोकळ वाटते.

दखल घेतली तर काय होतं? त्याच हँडबुकातला हिशेब मांडू. अकुशल मजुराची रोजची मजुरी दोन चांदीची नाणी. हलाखीत का होईना, पण जगायचं तर रोजचा खर्च दोन चांदीची नाणी. म्हणजे शिल्लक शून्य. आता 'रेझ डेड' हा मंत्र: मृत्यूला दहा दिवस झाले नसतील तर माणूस उठतो, पण त्यासाठी ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि तो मंत्रात जळून जातो. सोन्याच्या एका नाण्याची चांदीची दहा. तेव्हा ५००० चांदीची नाणी, म्हणजे मजुराची २५०० दिवसांची कमाई. जवळजवळ सात वर्षं, आणि तीही एक घास न खाता. सरदाराचा मुलगा घोड्यावरून पडून मेला तर आठवडाभरात पुन्हा शिकारीला जाईल. मजुराचा मुलगा पुरला जाईल, आणि त्याच्या आईला हे पक्कं ठाऊक असेल की मरण परतवता येतं.

या जगाला काय म्हणायचं, हाय मॅजिक की लो मॅजिक? गढीच्या आत हाय, वेशीबाहेर लो. आणि ती आई जर खेळाडूंच्या पार्टीतल्या क्लेरिकचे, म्हणजे हा मंत्र येणाऱ्या पात्राचे, पाय धरायला आली, तर त्या सेशनला जी धार येईल ती जादू दुर्मीळ असलेल्या जगात येणारच नाही. तिथं मरण सगळ्यांना सारखं असतं; तिथं क्लेरिकला 'नाही' म्हणावं लागत नाही.

मला तर 'प्लांट ग्रोथ' हा मंत्र सगळ्यांत स्फोटक वाटतो, आणि टेबलावर त्याचा हा उपयोग कुणी करत नाही. लढाईत झुडपं वाढवून शत्रूची वाट अडवायला तो वापरतात. पण आठ तास बसून तो शांतपणे म्हटला तर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतली जमीन पुढचं वर्षभर दुप्पट पीक देते. क्षेत्रफळ काढा, ५०० एकर भरतं. पाचव्या लेव्हलच्या ड्रुइडला हे जमतं, आणि पाचवी लेव्हल म्हणजे काही दैवी अवतार नव्हे. दुष्काळ म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. असा एक ड्रुइड एका तालुक्यात फिरतोय असं धरा. तो कोणत्या गावाला आधी जाणार? ज्या गावानं त्याच्या देवराईतली झाडं तोडली, त्या गावाला जाणार का? पीक दुप्पट झालं की जमीनदार खंड दुप्पट करणार की नाही? बाजारात धान्य उतू गेलं आणि भाव पडले, तर ज्याच्या शेतावर मंत्र झाला नाही त्यानं सावकाराचं व्याज कशातून द्यायचं? शेजारचा राजा ड्रुइडला पळवून न्यायला माणसं पाठवेल, आणि ती माणसं म्हणजे कदाचित तुमचीच पार्टी. एका मंत्राच्या पोटात वर्षभर पुरेल एवढं कॅम्पेन आहे, आणि त्यात कर्ज, पाणी, जमीन, सत्ता, सूड सगळं आहे. प्रौढपणा म्हणतात तो हाच असेल, तर तो जादू वाढवून मिळतो. ती काढून टाकली की मागे उरतो एक साधा गरीब गाव आणि त्याला लुटणारे साधे दरोडेखोर.

निघालेल्या सेटिंग्जकडे पाहिलं तरी हेच दिसतं. 'डार्क सन' १९९१ सालचं. तिथला ॲथस हा ग्रह भाजून निघालाय, धातू इतका दुर्मीळ की तलवारी हाडाच्या आणि ज्वालाकाचेच्या, लोक जादूगार दिसला की दगड उचलतात. कमी जादूवाले या जगाला आपलं मानतात. पण ॲथसची ही दशा झाली कशानं? जादूनंच. तिथला मंत्र वनस्पतींतून जीव ओढून घेतो. बेपर्वा जादूगारानं मंत्र म्हटला की त्याच्या पायाभोवतीचं गवत बघता बघता काळं पडतं, राख होतं, आणि त्या गोल पट्ट्यात कित्येक वर्षं काही उगवत नाही. शहरांवर राज्य करणारे सॉर्सरर-किंग्ज अशाच जादूनं शतकानुशतकं जगत आलेत, आणि जपून जादू करणाऱ्यांना चोरून राहावं लागतं, कारण लोकांना दोघांतला फरक कळत नाही. जादूचा अतिरेक, तिची मक्तेदारी आणि तिची किंमत दुसऱ्यांनी चुकवणं यावर उभं राहिलेलं हे जग आहे. त्यातली जादू कमी करा, वाळवंट तेवढं उरेल आणि ते का झालं हे सांगता येणार नाही.

दुसऱ्या टोकाला 'एबेरॉन'. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशकांनी २००२ साली नव्या सेटिंगसाठी प्रस्ताव मागवले, अकरा हजारांहून जास्त आले, त्यांतून कीथ बेकर यांचं हे जग निवडलं गेलं आणि २००४ साली प्रसिद्ध झालं. हाय मॅजिक म्हणून नाकं मुरडली जातात ती याच्याच नावानं: विजेवर धावणारी आगगाडी, न विझणारे कंदील, आकाशात उडणारी जहाजं. बेकर यांचं स्वतःचं म्हणणं असं की या जगातली जादू उंच नाही, रुंद आहे. छोटे मंत्र सगळीकडे आणि मोठे मंत्र फारच थोड्यांकडे. मेजराइट म्हणून जे लोक आहेत ते दोन-चार मंत्र शिकून त्यावर पोट भरतात, दिवे लावतात, कुलपं करतात. रोग बरे करण्याचा धंदा एका घराण्याच्या हातात, निरोप पोचवण्याचा दुसऱ्या, वाहतुकीचा तिसऱ्या. आणि शंभर वर्षं चाललेल्या युद्धासाठी कॅनिथ घराण्यानं लाकूड, दगड आणि धातूचे जिवंत सैनिक घडवले, वॉरफोर्ज्ड. युद्ध संपलं, थ्रोनहोल्डच्या तहानं त्यांना गुलामीतून मोकळं केलं, आणि आता मारण्यासाठीच जन्माला घातलेले हे हजारो जीव काम शोधत शहरांच्या खालच्या वस्त्यांत फिरताहेत. वॉरफोर्ज्ड पात्र घेऊन जो खेळलाय, ज्यानं "तुझं वय काय?" या प्रश्नाला "तीन वर्षं, आणि तिन्ही लढाईत," असं उत्तर दिलंय, त्यानं मला सांगावं की हे पोरकट आहे.

जादू वाढली की धोका संपतो, हाही एक नेहमीचा मुद्दा. त्याला फार जागा द्यायची गरज नाही, कारण १९७८ पासून त्याचं उत्तर उपलब्ध आहे. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरॅन्था या जगावरच्या 'रूनक्वेस्ट'मध्ये गुराख्यालाही एखाद-दुसरा मंत्र येतो, भाल्याला धार चढवण्याचा किंवा जखम बांधण्याचा, कारण देव खरे आहेत आणि त्यांचे पंथ गावोगाव आहेत. आणि तरी हा खेळ अत्यंत जीवघेणा आहे. शरीराच्या प्रत्येक अवयवाचे हिट पॉइंट वेगळे. एक चांगला घाव, आणि नामांकित योद्ध्याचा पाय गेला. शत्रूच्या भाल्यालाही मंत्राची धार आहेच की. 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये मंत्र म्हटला की म्हणणाऱ्याचं मानसिक संतुलन ढळत जातं. धोका किंमतीतून येतो, आणि किंमत ठरवणं नियम लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

राहता राहिलं नवल. जादू रोजची झाली की तिचं नवल वाटत नाही, हे म्हणणं मी सगळ्यांत गंभीरपणे घेतो, कारण ते मनापासून केलेलं असतं. ज्यांच्या घरी नवनाथांची पारायणं होतात त्यांनी तरी यावर थोडं थांबावं. धुंडिसुत मालूंनी १८१९ साली पूर्ण केलेल्या 'नवनाथ भक्तिसार' ग्रंथाचे चाळीस अध्याय आहेत आणि चमत्कार नसलेला अध्याय शोधावा लागतो. गोरक्षनाथ संजीवनी मंत्र घोकत बसलेला असतो, गावातली पोरं चिखलाच्या गाडीवर बसवायला गाडीवान करून मागतात, हा मंत्र पुटपुटतच पुतळा घडवतो आणि चिखलाचं मूल रडायला लागतं. तेच पुढे गहिनीनाथ. किंवा गोपीचंदाची कथा घ्या. या राजानं जालिंदरनाथाला खड्ड्यात पुरलेलं असतं. गुरूला बाहेर काढायला कानिफनाथ येतो तेव्हा त्याच्यापुढचा पेच शक्तीचा नाहीच. शक्ती त्याच्याकडे मुबलक आहे. पेच असा की गुरू बाहेर आला की त्याच्या रागानं राजा भस्म होईल. म्हणून कानिफनाथ गोपीचंदाचे वेगवेगळ्या धातूंचे पुतळे करवतो, एकेक पुतळा पुढे करतो आणि गुरूचा शाप त्यांच्यावर खर्च होऊ देतो. ऐकणारा श्वास रोखून बसतो. सगळ्यांकडे सगळी जादू असताना तो श्वास रोखतो, कारण गुरूचा राग आणि शिष्याची युक्ती यांतलं कोण जिंकेल हे मंत्रांच्या यादीवरून कळत नाही. चिखलाचं मूल रडल्यावर पोरं घाबरून पळतात आणि गोरक्ष स्वतःही दचकतो; नवल त्या एका रडण्यात आहे, मग त्याआधीच्या अध्यायांत कितीही चमत्कार झालेले असोत.

एक शेवटची हरकत उरते आणि ती गेम मास्टर मंडळींची आहे. आम्ही नोकऱ्या करतो, म्हणतात, आठवड्यात रविवारची एक दुपार मिळते. साऱ्या जगाचं जादूचं अर्थशास्त्र कुणी मांडायचं? त्यापेक्षा जादू कमी ठेवली की काम सोपं. अडचण खरी आहे. पण साऱ्या जगाचं अर्थशास्त्र कुणी मागितलेलंच नाही. एक गाव घ्या, एक मंत्र घ्या, आणि तो मंत्र त्या गावात कोण म्हणतं, पैसे कोण देतं, कुणाला मिळत नाही, एवढं लिहून ठेवा. अर्ध्या पानाचं काम आहे. बाकीचं खेळाडू करतात. ड्रुइडची कुठल्या तरी शेताची पाळी चुकलेली आहे एवढं त्यांच्या कानावर घाला. पहिल्या सेशनच्या शेवटी त्यांच्यातला एक जण त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलेला असेल, दुसरा जमीनदाराची वही चोरायची आखणी करत असेल, आणि पुढच्या रविवारी काय मांडायचं हे गेम मास्टरला त्यांच्याच भांडणातून मिळेल.